आहुप्याची देवराई: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 पावसाळी सहलीसाठी सर्वांत जास्त मतं पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला. ४० सीटर बस बघून ठेवली आहे. १५ ऑगस्टला जोडून येणारा रविवार सोयीचा पडेल. जेवणाचे डबे बसमधून नेऊ, देवराईत झाडाखाली पंगत मांडू. आज रात्रीपर्यंत नावं द्या.

ए १०२: आमची चार. माझ्याकडचा मोठा स्पीकर घेतो, अंताक्षरी जोरात होऊ दे.

डी ४०५: आमची तीन. आई येणार, पण गुडघ्यांमुळे जास्त चालवत नाही. चालेल ना?

सी २०४ ताई: सेक्रेटरी काका, जरा थांबा. माझं माहेर घोडेगावचं. श्रावणातला रविवार आणि त्यात लाँग वीकेंड म्हणजे मंचर-घोडेगाव-डिंभे रस्त्यावर भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. आहुप्याचा फाटा डिंभ्यानंतर लागतो, म्हणजे तोवर तीच गर्दी आपल्या नशिबात. अर्धा दिवस बसमध्येच जाईल.
आणि दादा, स्पीकर नको हो. ती गावाने देवाच्या नावाने राखलेली राई आहे. आत भैरवनाथाचं ठाणं आहे.

ए १०२: ताई, देवळापाशी बंद ठेवू की. मुलांना मजा यावी एवढंच म्हणणं आहे.

बी ३०१ मॅडम: मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण या जागेबद्दल मला फार वाटतं. वनस्पतीशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं मी मुलांना तिथे नेलं आहे.
आहुपे घोड नदीच्या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. पुण्याहून साधारण १३० किलोमीटर. मंचरला दोन्ही बाजूंना कांदा-बटाट्याची शेतं, कोरडी हवा. घोडेगाव, डिंभे करत नदीच्या उलट्या दिशेने चढत गेलं की भातखाचरं सुरू होतात, डोंगर जवळ येतात आणि शेवटी सह्याद्रीची धारच लागते. पलीकडे सरळ मुरबाडच्या बाजूचं कोकण. एकाच नदीच्या खोऱ्यात पावसाचा एवढा फरक एका सकाळीत बघायला मिळतो, यासाठीसुद्धा तो रस्ता करावा.
राई बाहेरून फार मोठी वाटत नाही. आत शिरलं की उजेड एकदम कमी होतो. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा, मधून मधून आंबा. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे खाली ऊन फारसं पोचत नाही आणि भर दुपारीही गारवा असतो. पायाखाली पालापाचोळ्याचा जाड थर. ती जमीन पाऊस मुरवते आणि पुढे सावकाश सोडत राहते. सह्याद्रीत कितीतरी ठिकाणी देवराईच्या पोटाशी झरा असतो तो याच कारणाने.
पडलेलं झाडसुद्धा तिथून कोणी उचलत नाही. म्हणून त्यावर बुरशी वाढते, किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात. आपल्या बागेत आपण पानं झाडून काढतो. तिथे पान न झाडणं हाच नियम आहे, आणि जंगल त्यावरच उभं आहे.

ई ६०३: मॅडम, शेकरू, म्हणजे ती मोठी खार, दिसेल का? मुलगी रोज विचारते.

बी ३०१ मॅडम: दिसू शकतं, पण आपण गप्प असलो तर. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जातं. त्यामुळे जिथे फांद्या जुळलेल्या आहेत तिथेच ते टिकतं. मधली चार झाडं तोडली की त्याची वाटच तुटते. मुलीला आधी घरटं शोधायला सांगा: उंच फांदीच्या टोकाकडे काटक्या-पानांचा मोठा गोळा. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं आणि प्राणी नाही तरी तिने हिरमुसू नये. आधी किटकिट असा खडखडीत आवाज येईल, मग वर बघायचं. स्पीकर चालू असला तर तो आवाज ऐकूच येणार नाही. दादा, माझा विरोध गाण्याला नाही, एवढ्यासाठी आहे.

ए १०२: हे मला माहीत नव्हतं मॅडम. पण ४० माणसं गप्प कशी राहणार?

बी ३०१ मॅडम: नाही राहणार. म्हणूनच एकदम ४० नकोत. दहा-बाराचे गट करा, एक गट राईत असताना बाकीचे कोकणकड्यावर. तिथून गोरखगडाचा सुळका आणि सिद्धगड दिसतात, मुलांना मोकळं पळताही येईल. कड्याजवळ मात्र मोठ्यांनी हात धरून.

सी २०४ ताई: आणि पंगत राईत अजिबात नको. तिथली सुकी काटकीसुद्धा गावकरी सरपणाला आणत नाहीत. घरात चूल पेटवायला लांबवर जातात, पण राईला हात लावत नाहीत. अशा ठिकाणी आपण द्रोण-पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसायचं, हे बरं दिसतं का? मी लहानपणापासून हे बघत आले आहे, म्हणून बोलते.
जेवण गावातच सांगू. तांदळाची भाकरी, पिठलं, रानभाजी मिळाली तर रानभाजी. चार पैसे त्या घरात जातील.

बी २०६ काका: धार्मिक भावनेचा मुद्दा ठीक, पण वनखात्याचा कायदा असताना देवाची भीती कशाला लागते?

बी ३०१ मॅडम: काका, प्रश्न रास्त आहे. भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं १९८५ साली. राई त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून नोंदवल्या. तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडली जाणार होती, आणि ती वाचवा म्हणून गावकऱ्यांनीच या दोघांना कळवलं होतं. कायदा हवाच. पण रोज सकाळी झाडाजवळून जाणारा माणूस गावचाच असतो, वनरक्षक सगळीकडे पोचत नाही. माझ्या मते भीती हा शब्द अपुरा आहे. त्यात हक्क आहे, आपली जागा म्हणून माया आहे.
आणि नुसत्या श्रद्धेवर सगळं सोडून चालत नाही हेही खरं. बऱ्याच गावांत देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटचा मंडप येतो, गाडीरस्ता थेट गाभाऱ्यापर्यंत येतो आणि त्यात राईच कापली जाते. देव राहतो, जंगल जातं. हे बघताना मला फार त्रास होतो.

सी २०४ ताई: अगदी. आणि तिथली माणसं जंगलावर जगतात हेही विसरू नका. महादेव कोळी घरं बहुतेक. उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, पाडून वाळवतात, वर्षाचा रोख पैसा बऱ्याच घरांत त्यातूनच येतो. २०२०च्या निसर्ग वादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा तिकडे काय अवस्था होती ते माझ्या माहेरच्यांनी बघितलंय. उतारावरची भातखाचरं दिसतील ना, ती पडकईची. आज माझं शेत, उद्या तुझं, असं सगळे मिळून दगडमातीचे बांध घालतात. गाडी थांबवून मुलांना ते जरूर दाखवा. बांधावर मात्र चढायचं नाही, ढासळतो.

ई ६०३: मंडळी, हे सगळं वाचून १५ ऑगस्टचा आग्रह मी तरी सोडते. मग कधी?

बी ३०१ मॅडम: सप्टेंबरच्या शेवटी. ऑगस्टमध्ये बऱ्याचदा एवढं धुकं असतं की कडा समोर असून दिसत नाही. सप्टेंबरअखेर पाऊस उतरलेला, भात पोटरीत (लोंब्या फुटायच्या बेतात), पठारावर सोनकी फुललेली. राईत ओल असतेच. शीळकरी कस्तूर पक्षी अजून गाताना ऐकू आला तर उत्तम, माणसाने शीळ घालावी तसा गातो.

डी ४०५: आणि आईचं?

सी २०४ ताई: काकूंना गावापर्यंत गाडीने नेऊ. राईच्या कडेपर्यंत हळूहळू येतील, आतला उतार ओला असतो तिथे नको. माझ्या ओळखीच्या घरी ओट्यावर बसतील, गप्पांना माणसं मिळतील. त्या घरच्या आजींना हिरड्याबद्दल विचारायला सांगा, तासभर बोलतील.

बी २०६ काका: वाटेत डिंभ्याला थांबू या का? धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गेले, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुलांना सांगायला हवं.

सी २०४ ताई: थांबू काका. आणि जुनं आंबेगावही त्याच पाण्याखाली गेलं हेही सांगू. तालुक्याला नाव त्या गावाचं, कचेरी घोडेगावात.

ए १०२: स्पीकर घरी. त्याऐवजी माझी दुर्बीण आणतो, मुलांना आळीपाळीने देऊ.

बी ३०१ मॅडम: हे फार छान होईल 👍 एक राहिलं. गारंबीचा वेल सापडला तर मुलं त्याच्या शेंगांवर तुटून पडतात. हातभर लांब शेंग, आत गुळगुळीत तपकिरी बी. हातात घेऊन बघू द्या, मग जिथे होती तिथेच ठेवायची. बी, पान, दगड, काही खिशात नको. कपडे गडद किंवा मातकट रंगाचे, अत्तर नको, आणि ठाण्यापाशी चपला, चामड्याचा पट्टा बाहेर.

सेक्रेटरी: ठीक. ४० सीटर रद्द करतो. सप्टेंबरच्या शेवटच्या दोन रविवारी दोन टेम्पो ट्रॅव्हलर, एका वेळी एकच. पहाटे ५ ला गेटवर. अभयारण्याची हद्द असल्याने परवानगी आणि शुल्काची चौकशी मॅडम करतील, जेवणाचं ताई गावात बोलतील. पहिल्या रविवारची नावं खाली द्या, नावापुढे जेवणारी माणसं किती तेही लिहा. मुलांचा आकडा वेगळा.

डी ४०५: पहिला रविवार. ३, त्यात मूल १.

ई ६०३: पहिला. ३, मूल १.

ए १०२: आम्ही दुसरा. ४, मुलं २. दुर्बीण पहिल्या गटाला आदल्या दिवशी देऊन ठेवतो.