पाहुणीचं पत्र आणि एमएच ०९ ची गाडी

सोसायटीचा ग्रुप, डोंबिवली पूर्व. रविवार सकाळ.

ए १०१: माझ्या पार्किंगमध्ये एमएच ०९ ची पांढरी गाडी लागली आहे. ज्यांचे पाहुणे असतील त्यांनी कृपया काढावी.

बी ४०४ काकू: सुप्रभात मंडळी. माझी भाची गडहिंग्लजहून आली आहे, पहिल्यांदाच मुंबई बघतेय. घरच्या ग्रुपवर तिने हे लिहिलं. मला आवडलं म्हणून टाकते.

"काल मावशीबरोबर सीएसएमटीला जाऊन आले. लोकलमध्ये कुणी नाव-गाव विचारत नाही, थेट 'कुठं?' मी म्हटलं गडहिंग्लज. अख्खा डबा हसला. मी उतरणार कुठं ते त्यांना पाहिजे होतं, माझी सीट आधीच धरून ठेवायला! तिघींच्या बाकावर चौथी बसते, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि तशीच गवार मोडते. शेंगा एका पिशवीत, देठ दुसऱ्या पिशवीत, खाली एक पडत नाही. घाटकोपरला एकीनं माझ्या ओढणीची सुटलेली पिन लावून दिली आणि उतरून गेली पण. मावशीच्या बिल्डिंगीत मात्र नवल वाटलं. लिफ्टमध्ये पाच माणसं, सगळी आकड्याकडं बघत उभी. मी 'जेवलासा काय?' विचारलं तर एक काका दचकलेच."

बी ३०३: किती गोड लिहिलंय 😄

सी ३०२: लिहिलंय छान. पण हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, हे मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. आणि 'एक काका' कोण ते सगळ्यांना कळतंय.

बी ४०४ काकू: भाऊ, तुमचं नाव कुठे आहे त्यात?

सी ३०२: पाणी सहाला येतं, मोटर लावायला मी साडेपाचपासून उठलेला असतो. लिफ्टमध्ये दोन मिनिटं गप्प उभं राहिलं तर तेही लिहायचं?

ए ४०२: काका, जेवलासा काय?

बी ३०३: 😂😂

ए १०१: माझ्या पार्किंगमध्ये एमएच ०९ ची पांढरी गाडी लागली आहे. कृपया काढावी.

ए २०५ आजोबा: भाचीला सांगा, ज्या मार्गावरून ती गेली तो देशातला पहिला प्रवासी मार्ग. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे. पुढच्या वर्षी गाडी कल्याणपर्यंत आली.

ए ४०२: १४ डब्यांत ४००! आजोबा, तेवढी तर आता आमच्या एका डब्यात असतात.

सी ४०१ ताई: शनिवारी दुपारी लोकल सगळ्यांनाच आवडते. सोमवारी सकाळी पाठवा, मग लिहू दे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले. माझे मिस्टर रोज तिथूनच जातात. घरी पोचेपर्यंत फोन हातात धरून बसते मी.

बी ३०३: 🙏

बी ४०४ काकू: ताई, पोरीनं जे पाहिलं ते लिहिलं. गर्दी चांगली असते असं कुठे म्हटलंय तिने?

सी ४०१ ताई: तुम्हाला नाही बोलले हो काकू. 'मुंबई स्पिरिट' म्हणून कौतुक करतात त्यांचा राग येतो.

ए १०१: माझ्या पार्किंगमध्ये एमएच ०९ ची पांढरी गाडी.

सी ३०२: एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. पाहुणे कुणाकडे आलेत ते वर लिहिलंच आहे. आधी गाडी काढा, मग साहित्य.

बी ४०४ काकू: पोरगी महालक्ष्मीने आली, पहाटे कल्याणला उतरली. तिची गाडी कुठून येणार? मागच्या गणपतीत तुमच्या पाहुण्यांनी गच्चीवर काय घाण केली, ते आम्ही काढलं का ग्रुपवर?

सी ३०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

ए ४०२: काय होतं? काय होतं?

सेक्रेटरी: सर्वांनी शांतता राखावी ही नम्र विनंती. सदर गाडी आमच्या व्याह्यांची आहे. पाच मिनिटांत काढतो.

बी ३०३: 🤐

बी ४०४ काकू: आता बोला.

सेक्रेटरी: काकू, विषय संपला. भाचीचं पत्र चांगलं आहे. फक्त व्हिजिटर रजिस्टरमध्ये तिची नोंद नाही, तेवढी करून घ्या.

ए १०१: पाच मिनिटं झाली.

सी ४०१ ताई: काकू, भाचीला उद्या दादरला जायचंय ना? माझ्याबरोबर पाठवा. कल्याणहून येणारीत पाय ठेवता येणार नाही, डोंबिवलीहून सुटणारी धरू, बसायला मिळेल.

बी ३०३: कुठली बसायला मिळतेय! ती येतानाच भरलेली असते, बायका आधीच्या कोपर स्टेशनलाच चढून, रिटर्न करून बसतात.

सी ४०१ ताई: मधल्या लेडीजमध्ये मिळते.

बी ३०३: मधल्यात नाही, पुढच्या.

ए ४०२: लेडीज डब्याची चर्चा लेडीज ग्रुपवर करावी, मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं 😄