पियानोची दांडी मोडली: बांबू घालू की थांबू?

वेंगुर्लेकर: घरी आजोबांच्या वेळचा उभा पियानो आहे. परवा मधल्या सप्तकातल्या एका हातोडीची (पट्टी दाबली की तारेवर आपटते ती) दांडी मोडली. मुंबईचा ट्यूनर म्हणतो दिवाळीनंतर बघू, आणि असली दांडी कुडाळ-सावंतवाडीत कोण ठेवणार? आमच्या सुताराने बांबू तासून दिलाय, फेव्हिकॉलने बसवतोही म्हणाला. माझ्या मते बसवावी. चतुर्थीला पोरं आली की आधी पियानोलाच भिडतात.

सूरपारखी: मुळीच नको. मूळ दांडी मेपल किंवा हॉर्नबीमची असते, साधारण साडेपाच मिलिमीटर जाड. वजन बदललं की तो एकच स्वर उपरा वाजणार. आणि फेव्हिकॉलचा सांधा नंतर उकलत नाही, खरी दांडी आली की ट्यूनर तो पोखरत बसेल. थांबा.

माडाखालचो: दशावतारात पायपेटीचो एक सूर मुको झालो म्हणान राजा थांबता काय? पेटीवालो बाजूचो सूर धरून पद तडीस नेता. घाल रे बांबू!

जुनी खुंटी: तुकडे फेकले नाहीत ना? दांडी बऱ्याचदा तिरकी चिरते. तशी असेल तर चिरेत सरस (हाडा-कातड्याचा जुना डिंक) भरा, वरून शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळा आणि रात्रभर हात लावू नका. आडवी मोडली असेल तर अगदी उजवीकडच्या 88व्या पट्टीची दांडी इकडे आणा, बांबू तिकडे जाऊ दे. ती पट्टी वाजवतं कोण! लाकूड आणि नमद्यात मी काहीही जुगाड करीन, तारेत मात्र नाही. एकदा पियानोत सायकलच्या ब्रेकमधली तार ओढली होती. पियानोची एकेक तार साधारण सत्तर किलोने ताणलेली असते. माझी तुटली, चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

सूरपारखी: सरस? कोकणातल्या पावसाळ्यात? बुरशी येईल.

जुनी खुंटी: जुने पियानो सरसावरच जोडलेले आहेत हो. तो ऊब-वाफेने सुटतो, म्हणून तर ट्यूनर शिव्या देत नाही. दमटपणासाठी आत खाली 25 वॉटचा तापणारा बल्ब लावा, लाकडापासून लांब.

वेंगुर्लेकर: तुकडे आहेत. तिरकीच चिरलीय, बोटभर. सुतार म्हणतो सरस हल्ली कोण ठेवतो, पण बाजारात बघून येतो.

सूरपारखी: करा. दोऱ्याचंही वजन असतं, एवढंच सांगतो.

माडाखालचो: आणि तो बांबू टाकू नको. आकाशकंदिलाक लागतलो.