रेटाट्रुटाइड: टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा

वरणफळ (१ जुलै २०२३, रात्री १०.४०)

परवा आषाढीला साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी वाटी संपवता संपवता इथल्याच एका सदस्याची पोस्ट वाचली: ‘लठ्ठपणाचा निकाल लागला! आठवड्याला एक सुई, वर्षात २६ किलो खल्लास. डाएटवाल्यांनो, जिमवाल्यांनो, दुकानं आवरा.’ खाली टाळ्याच टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

औषध रेटाट्रुटाइड, कंपनी एली लिली. सॅन दिएगोच्या मधुमेह परिषदेत आकडे जाहीर झाले, न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आले. आकडे खोटे आहेत असं मी म्हणतच नाही. पण ही दुसऱ्या टप्प्याची चाचणी आहे हो! माणसं ३३८, मुदत ४८ आठवडे, केंद्रं सगळी अमेरिकेत, खर्च कंपनीचा. त्यातले काही प्लासिबोवर (म्हणजे औषध नसलेल्या सुईवर), बाकीचे १, ४, ८ आणि १२ मिलिग्रॅममध्ये वाटलेले. तुमचे लाडके २६ किलो, म्हणजे सरासरी २४.२ टक्के वजन उतरलं, ते फक्त १२ मिलिग्रॅमवाल्यांचं, आणि ते होते साठेक. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त डोकी असतात. १ मिलिग्रॅमवाल्यांचं वजन ८.७ टक्केच उतरलं, ते का नाही लिहिलंत? नाडीचे ठोके वाढले, जितका डोस मोठा तितके जास्त. २४ व्या आठवड्यापर्यंत चढले, मग उतरायला लागले. तेही गाळलंत.

नव्याची नवलाई प्रत्येक औषधाला असते. वजन उतरवायचं फेन-फेन आठवतंय? हृदयाच्या झडपा बिघडायला लागल्या म्हणून १९९७ मध्ये त्यातलं फेनफ्लुरामीन मागे घ्यावं लागलं. त्याच कामाचं रिमोनाबांट नैराश्यापायी २००८ मध्ये युरोपात थांबवलं. सिब्युट्रामीन २०१० मध्ये अमेरिकेतून गेलं, पुढच्या वर्षी आपल्याकडून. हे शेवटचं माझ्या मावशीने सात महिने घेतलं. सहा किलो उतरली, हौसेने आठ ब्लाऊज शिवले. मग छातीत धडधड सुरू झाली. बंदी आल्याचं तिला डॉक्टरांनी सांगितलं नाही, पेपरातल्या चार ओळींतून कळलं. वजन वर्षात परत आलं. ब्लाऊज अजून कपाटात आहेत.

चकली_मोडली (रात्री ११.१५)

वरणफळ, तुमचं वजन किती? नाही, सहज विचारलं.

माझी उंची १५७, वजन ८८. बाविसाव्या वर्षी पीसीओडी निघालं, तेव्हापासून एकही डाएट करून बघायचं सोडलेलं नाही. ठाणे स्टेशनवरून शेअर रिक्षा घेते. मागे तीन सीट. मी बसले की तिसरा माणूस आत डोकावतो आणि ‘मी मागची रिक्षा घेतो’ म्हणत निघून जातो. मग रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतो. मी दोन सीटचे सुट्टे आधीच मुठीत धरून ठेवलेले असतात. तुम्हाला ही मूठ माहीत नाही, म्हणून ‘जरा थांबा’ म्हणणं इतकं सोपं जातं.

आणि गाळण्याबद्दल तुम्ही बोलूच नका. १२ मिलिग्रॅमवाल्यांपैकी ८३ टक्के लोकांचं १५ टक्के किंवा जास्त वजन उतरलं. प्लासिबोवाल्यांपैकी कितींचं? २ टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही होता, बरं का. नुसत्या सल्ल्यावरच्यांचं सरासरी वजन उतरलं २.१ टक्के. ‘मनावर घ्या, उतरेल’ म्हणणाऱ्यांच्या सल्ल्याची ही किंमत. मावशींची धडधड खरी आणि माझ्या गुडघ्यांची करकर खोटी का?

नागोबा७२ (२ जुलै, सकाळी ६.०५)

वरील चर्चा वाचून करमणूक झाली. वय ७२, वजन ६१ किलो, कमरेच्या पट्ट्याचं भोक चाळीस वर्षं तेच. औषध शून्य. पानात वाढलेलं संपवायचं, टाकायचं नाही, परत मागायचं नाही. एकादशीला निर्जळी. आजच्या पिढीला जिभेवर ताबा नको, सुई हवी. राग मानू नये.

चकली_मोडली (सकाळी ७.३०)

राग मानलेला आहे.

अर्धी_वाटी (सकाळी ९.१२)

अवांतर आहे, पण काकांच्या एका वाक्यावर अडले. ‘टाकायचं नाही.’ बरोबर. मग खायचं कुणी?

आमच्याकडे मुलगा अर्धी पोळी सोडून उठतो. सासऱ्यांना आमटीचा तळ चालत नाही. नवऱ्याला सकाळची भाजी रात्री दिसली की त्याचं डोकं दुखतं. मी ओट्याशी उभी राहून, पातेलं एका हातात, चमचा दुसऱ्या हातात, हे सगळं ‘संपवते’. त्यानंतर माझं पान घेते. आहारतज्ज्ञ बाईंनी वही लिहायला सांगितली होती, दिवसभरात काय खाल्लं त्याची. महिनाभर इमानदारीने लिहिली. त्यात ओट्यापाशी खाल्लेलं काहीच नव्हतं, कारण ते ‘जेवण’ आहे असं मला कधी वाटलंच नाही.

पोपटी_पाट (सकाळी ९.४०)

+१००. आमच्या आईचा फ्रिज म्हणजे वाट्यांचं संग्रहालय. एकीत दोन चमचे कोशिंबीर, एकीत लिंबाएवढं बेसन, वर बशी झाकलेली. रविवारी सगळ्याचं थालीपीठ. आणि ते थालीपीठ ‘तुम्हाला आवडत नाही ना’ म्हणत तीच खाणार.

नागोबा७२ (सकाळी १०.०२)

मग कमी शिजवावे. साधा हिशोब आहे.

अर्धी_वाटी (सकाळी १०.०६)

काका, हा हिशोब तुम्ही आयुष्यात किती वेळा केलाय? पाच माणसांची कणीक भिजवून बघा एकदा. कमी पडलं तर ‘घरात पोटभर मिळत नाही’, उरलं तर ‘माज आलाय’. आता १८ तारखेपासून अधिक महिना. नणदेचे यजमान येणार, तेहतीस अनारसे होणार. जावई खाणार चार. बाकीचे कुणाच्या पोटात जातात ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

दगडी_चाळ_नाही (सकाळी १०.३०)

यात बायकाच का? माझी बायको नोकरीला पुण्यात, मी नाशकात मुलींबरोबर. दोघींच्या ताटातलं मीच खातो. दोन वर्षांत नऊ किलो वाढलो. पण हे सांगायला गेलं की लगेच ‘हो का, बिच्चारा!’

चकली_मोडली (सकाळी १०.३४)

हो का, बिच्चारा! (हलके घ्या. नऊ किलोचं मात्र मनापासून वाईट वाटलं.)

वरणफळ (सकाळी ११.२०)

धागा रेटाट्रुटाइडचा, चर्चा शिळ्या पोळीची. धन्य आहे. मावशीचं जाऊ द्या, नाडीच्या ठोक्यांवर कुणी एक अक्षर लिहिलं का?

तिरका_डोळा (सकाळी ११.२५)

ही सगळी औषधं म्हणे कुठल्याशा विषारी सरड्याच्या लाळेतून काढलेली. चातुर्मासात चालतात का?

स्टेथो_विसरलो (दुपारी २.५०)

ओपीडी आटोपून आलो. सोलापूरला प्रॅक्टिस आहे.

तिरका डोळा, सरडा म्हणजे गिला मॉन्स्टर. त्याच्या विषारी लाळेतल्या रेणूवरून एक्झेनेटाइड आलं, २००५ मध्ये, मधुमेहासाठी. रेटाट्रुटाइडमध्ये सरडा नाही. खुशाल टोचा. पण ते अजून बाजारात नाही.

मला त्यात गंमत वाटली ती ग्लुकागॉन या हार्मोनची. साखर एकदम उतरून बेशुद्ध पडलेल्याला आपण ग्लुकागॉन टोचतो, साखर वर यावी म्हणून. त्याचीच नक्कल लठ्ठपणाच्या औषधात घातली, हे वाचून मी आधी हसलो होतो. पण ग्लुकागॉन यकृतातली चरबीही जाळायला लावतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढवतं. त्याच रेणूत जीएलपी-१ आणि जीआयपी या आतड्यातल्या दोन हार्मोन्सची नक्कल आहे, ती भूक मारते आणि साखर आवरून धरते. आधी आलेल्या औषधांपैकी सेमाग्लुटाइडकडे यातली एकच किल्ली, टिर्झेपटाइडकडे दोन, याच्याकडे तीन. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत १४.९ टक्के उतरवले, टिर्झेपटाइडने ७२ आठवड्यांत २०.९. इथे ४८ आठवड्यांतच २४.२, आणि उतरण तेव्हाही थांबलेली नव्हती. म्हणून ‘साठच माणसं’ म्हणून झटकून टाकण्यासारखं हे नाही. वरणफळ, तुमचा आकडा बरोबर आहे, सूर चुकला.

मात्र त्या आधीच्या दोन चाचण्यांत माणसं १,९६१ आणि २,५३९ होती. झडपा, मन, नाडी यांचं खरं काय ते अशा आकड्यांत कळतं, ३३८ मध्ये नाही. तिसरा टप्पा होऊ द्या.

आणखी एक. या चाचणीतल्यांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३७ च्या पुढे. माझ्याकडे येतो तो माणूस २५-२६ चा, हातपाय काड्या, पोट पुढे, साखर २४०. पुण्याच्या केईएम इस्पितळाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणजे बीएमआय सारखा, चरबी दुपटीहून जास्त. नागोबाकाका, तुमचे ६१ किलो ऐकून आनंद झाला. पोटाचा घेर किती? शेवटची साखर कधी तपासलीत?

नागोबा७२ (दुपारी ३.१०)

वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत.

चकली_मोडली (दुपारी ३.११)

अरेच्चा! काल रात्रीपासून माझं वजन चव्हाट्यावर आहे, ते चालतं?

एडिसनकर (रात्री ९.५५)

न्यू जर्सीहून. मी हे स्वतः केलंय म्हणून लिहितो. रेटाट्रुटाइड नव्हे, वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइड.

११२ किलोवरून ९४. पहिले दोन महिने हाल होते, एकदा हायवेवर गाडी कडेला घेऊन ओकलोय. पण खरी गोष्ट वजनाची नाहीच. माझ्या डोक्यात लहानपणापासून एक भुणभुण असते: डब्यात काय उरलंय, चारला काय खायचं, समोरच्याने शेवटची भजी उचलली तर. मला वाटायचं सगळ्यांनाच असते. तिसऱ्या महिन्यात ऑफिसच्या पार्टीत अर्धा समोसा बशीत राहिला आणि घरी येईपर्यंत मला त्याची आठवणही आली नाही. त्या रात्री मी बायकोला विचारलं, ‘तुला रोज असंच वाटतं?’ ती म्हणाली, ‘कसं?’ नागोबाकाका, तुमचा चाळीस वर्षांचा जिभेवरचा ताबा मला त्या दिवशी कळला. तुमच्या डोक्यात भुणभुण नसणार.

मग नोकरी बदलली. नव्या विमा कंपनीने नाही म्हटलं. खिशातून भरायचं तर तेव्हा महिन्याला तेराशे डॉलरच्या वर लागत होते. बंद केलं. आज १०६ वर आहे. भुणभुण दुसऱ्या महिन्यातच परत आली. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतही बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्याचं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं, म्हणजे मी एकटा नाही. एवढाच दिलासा.

वरणफळ (३ जुलै, सकाळी ८.१५)

बघा! मी काय वेगळं सांगत होतो? सुई जन्मभर, पैसे जन्मभर.

स्टेथो_विसरलो (सकाळी ८.४०)

रक्तदाबाची गोळी किती दिवस घेतात हो? ती बंद केल्यावर दाब वाढला तर ‘बघा, गोळी कुचकामी’ म्हणता का?

वरणफळ (सकाळी ९.०५)

ठीक आहे. रक्तदाबाचा मुद्दा मान्य. ‘टाळ्या वाजवण्याआधी’ हे शीर्षकही जरा खोचक झालं, तेही मान्य. चकली ताई, वजन ६८ आहे माझं, लिहून टाकतो एकदाचं. शेअर रिक्षात मी तिसरा असतो. मीही कधी कधी मागची घेतली आहे. पण ३३८ म्हणजे ३३८, ते मी सोडणार नाही.

चकली_मोडली (सकाळी ९.२०)

नका सोडू. तिसऱ्या टप्प्याचे आकडे आले की याच धाग्यावर भेटू. तोवर रिक्षात सरकून बसा म्हणजे झालं.

अर्धी_वाटी (दुपारी १.३०)

तुमचं मिटलं असेल तर विचारते. काल कणीक मोजून भिजवली. तरी दोन पोळ्या उरल्या. त्यांचं काय करू?

पोपटी_पाट (दुपारी १.३३)

फोडणीची पोळी. आणि या वेळी नवऱ्याला वाढा.

नागोबा७२ (रात्री ११.५०)

औषधाबद्दल माझे मत तेच आहे. तथापि काल रात्री पाणी प्यायला उठलो असता सौ. ओट्याशी उभी राहून पातेल्यातला मसालेभात खात होती. भूक आहे का विचारले. म्हणाली, ‘नाही.’ मग का खातेस विचारले. म्हणाली, ‘बेचाळीस वर्षांनी विचारताय?’ पुढे काही बोलली नाही. आज रात्री पातेले मी आवरतो म्हणालो.

चकली_मोडली (रात्री ११.५४)

काका!! मग उरलेला भात?

नागोबा७२ (रात्री ११.५८)

मी खाल्ला. टाकवेना. आता जळजळते आहे, झोप नाही.