बर्फ लवकर वितळतंय की मुळात कमीच पडलंय? मर्सेड नदीच्या आकड्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला राहते. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी योसेमिटीतल्या मर्सेड नदीचे, हॅपी आइल्सच्या पुलाजवळचे रोजचे प्रवाहाचे आकडे उतरवून घेतलेत. १९१५ पासूनची नोंद सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. वरच्या अंगाला धरण नाही म्हणून हीच नदी घेतली, नाहीतर दरवाजे कधी उघडले तेवढंच कळलं असतं.

माझं लहानपण कोयनेकाठी गेलं. तिकडे पाऊस झाला की नदी फुगते. इथे जानेवारीत पडलेलं पाणी बर्फ होऊन डोंगरावर थांबतं आणि मे-जूनमध्ये खाली येतं. ते किती अलीकडे सरकलंय, हे लेकीला शोधायचंय.

जलवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. वर्षभराच्या पाण्यातलं निम्मं वाहून गेलं ती तारीख आम्ही दर वर्षासाठी काढली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच नद्यांत हा काळ एक ते चार आठवडे अलीकडे आला, असं वाचलंय. आमचं गाडं मात्र दोन ठिकाणी अडलंय.

जानेवारी १९९७ मध्ये साठलेल्या बर्फावर कोमट पाऊस पडून योसेमिटीत मोठा पूर आला. असा एक पूर त्या वर्षीची तारीख अलीकडे ओढतो, पण ते वसंतातलं वितळणं नव्हे. मग फक्त एप्रिल ते जुलैचं पाणी धरू का? तसं केलं, तर वितळणं मार्चमध्ये सरकलेलं असेल ते नेमकं हातचं निसटेल.

दुसरी अडचण मोठी आहे. १ एप्रिल २०१५ ला राज्यात सरासरीच्या जेमतेम ५ टक्के बर्फ होतं. एवढंसं बर्फ लवकर संपणारच. उलट २०२३ मध्ये बर्फ इतकं होतं की जुलैतही नदी जोरात होती. म्हणजे तारीख तापमानावरही ठरते आणि बर्फाच्या साठ्यावरही. दोन्हींचा वाटा वेगळा कसा काढायचा? साधारण सारखा बर्फसाठा असलेली जुनी आणि नवी वर्षं जोडीने ताडून पाहावीत, असं माझ्या मनात आहे. हे बरोबर ठरेल का? की एक्सेलमध्ये दोन्ही घटक एकत्र घालून बघू?

जलविज्ञान किंवा संख्याशास्त्रातल्या कुणी कृपया सांगा. दहावीतल्या मुलीला स्वतः करता येईल अशी रीत हवी आहे.