लष्करातील लिपिकाची नोकरी संपत आली. वित्तक्षेत्रासाठी कोणती पात्रता मिळवावी?

हवालदार_सातारा यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी भूदलात हवालदार असून सोल्जर क्लार्क या ट्रेडमध्ये माझी १९ वर्षे पूर्ण झाली आहेत. येत्या वर्षभरात पेन्शनवर येईन, तेव्हा वय ३९ असेल. नोकरीत असतानाच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केले, गुण ५८ टक्के आहेत. मुलगी नववीत आहे, घर साताऱ्याजवळ आहे आणि पुन्हा देशभर फिरण्याची घरच्यांची आता तयारी नाही.

पार्ट टू ऑर्डर (जवानांच्या सेवेतील नोंदींचे आदेश), रजेचा हिशेब आणि पत्रव्यवहार ही कामे सर्वच क्लार्क करतात. मला त्याशिवाय सहा वर्षे रेजिमेंटल फंडाचे, म्हणजे युनिटच्या स्वतःच्या निधीचे, कॅशबुक सांभाळायला मिळाले आणि खरे सांगायचे तर आवडले ते तेवढेच. एकदा तिमाही ऑडिट बोर्डाच्या आदल्या रात्री २७ रुपयांचा फरक येत होता. मी रात्री दीडपर्यंत व्हाउचरे उलटत बसलो होतो, आणि शेवटी ५२ च्या जागी २५ लिहिलेली कॅन्टीनची एक पावती सापडली. त्या रात्री मला वाटले की पुढे हेच काम करावे.

आता सल्ला मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. मेहुणा सीए करा म्हणतो, युनिटमधील एक तरुण कॅप्टन साहेब सीएफए ही गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय सनद सुचवतात, गावचे मित्र एमबीए केल्याशिवाय कोणी विचारत नाही असे सांगतात. पेन्शनमुळे चूल पेटत राहील, पण कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून मिळणारे एकरकमी पैसे फीपायी उडवून पुन्हा रांगेत उभे राहण्याची माझी इच्छा नाही. या वयात कोणत्या पात्रतेचा खरोखर उपयोग होईल, हे जाणकारांनी सांगावे.

बराकीतून_बँकेत

राम राम साहेब. मीही हवालदार म्हणूनच बाहेर पडलो आणि आज कोल्हापूर जिल्ह्यात एका सरकारी बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तेवढे वजा करून वाचावे.

तुमच्याजवळची सर्वात मोठी पात्रता बी.कॉम. नसून माजी सैनिक हा दर्जा आहे. सरकारी बँकांच्या लिपिक संवर्गात माजी सैनिकांसाठी १४.५ टक्के आरक्षण आहे. त्यात अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांचा आणि शहीद जवानांच्या कुटुंबीयांचा ४.५ टक्के वाटा धरलेला आहे. या बँकांसाठी भरती घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक परीक्षेची कमाल वयोमर्यादा २८ असली, तरी आपल्याला प्रत्यक्ष सेवेची वर्षे अधिक तीन इतकी सवलत मिळते आणि वरची सीमा ५० असते. तुमच्या बाबतीत २८ अधिक १९ अधिक ३ म्हणजे बरोबर ५० येतात, म्हणजे वयाची चिंता करण्याचे काहीच कारण नाही. पदवी नसलेल्या, पण १५ वर्षे सेवा झालेल्या आणि आर्मीचे स्पेशल एज्युकेशन सर्टिफिकेट असलेल्या मॅट्रिक जवानांनाही ही परीक्षा देता येते. तुम्हाला त्याची गरज नाही. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

आता ज्या गोष्टीत आपली माणसे फसतात ती सांगतो. हे आरक्षण वापरून एकदा सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीसाठी माजी सैनिक म्हणून तुमचा हक्क संपतो. अपवाद एवढाच, की रुजू होण्यापूर्वीच इतर जागांसाठी अर्ज केलेले असतील आणि रुजू होताच त्यांची यादी स्वयंघोषणेने कार्यालयात दिली असेल, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. माझ्या बॅचमधील एकाने घाईघाईने सशस्त्र रक्षकाची जागा पत्करली, ही यादी दिली नाही, आणि पुढच्या वर्षी लिपिकाच्या परीक्षेसाठी त्याला सर्वसाधारण उमेदवारांच्या वयोमर्यादेत मोजण्यात आले. माजी सैनिक म्हटला की त्याच्या खांद्यावर बंदूक देऊन दारात उभा करायचा, ही लोकांची सवय आपणच मोडली पाहिजे. रक्षकाच्या कामात कमीपणा काही नाही, पण तुमचा हात कॅशबुकवर बसलेला आहे.

पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात: इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५ आणि तर्कशक्तीचे ३५. प्रश्न अवघड नसतात, वेग मात्र विशीतल्या मुलांचा लागतो आणि आपला हात तिथेच मागे पडतो. मी आठ महिने रोज पहाटे घड्याळ लावून सराव केला, तरी पहिल्या वर्षी थोडक्यात राहिलो. सेवा संपण्यास एक वर्षापेक्षा कमी अवधी उरला असेल तर नोकरीत असतानाच अर्ज करता येतो, म्हणून ना हरकत प्रमाणपत्रासाठी आत्ताच अर्ज टाकावा. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची वही) आणि शेवटच्या वेतनाचा दाखला यांच्या चार चार प्रती काढून ठेवाव्यात, कारण वेतननिश्चितीच्या वेळी त्यातील एकही कागद नसेल तर फाइल महिनोन्महिने हलत नाही.

बँकेत गेल्यावर जेएआयआयबी आणि मग सीएआयआयबी द्यावी. या परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते आणि जेएआयआयबीला बँकेतील कर्मचारीच बसू शकतात, त्यामुळे बाहेरून तयारी करून देण्याच्या जाहिरातींना भुलू नये. त्या उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढ मिळते आणि बढतीतही मदत होते. मनाची तयारी मात्र आधी करून ठेवावी: पहिल्याच दिवशी २६ वर्षांचा अधिकारी तुम्हाला कॅश काउंटरवर बसवेल आणि तुमचे १९ वर्षांचे ज्येष्ठत्व त्याच्या लेखी शून्य असेल.

माजी_शॉर्ट_सर्व्हिस

सीएफए सुचवणाऱ्या कॅप्टन साहेबांच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही लिहितो, कारण मी दहा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशननंतर (ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदानंतर) नेमकी तीच वाट धरली होती. तीन पातळ्या आहेत, प्रत्येकीसाठी सुमारे ३०० तास अभ्यास करावा असे संस्थाच सांगते, पहिल्या पातळीत १८० प्रश्न असतात, आणि तिन्ही उत्तीर्ण झाल्यावरही सनद मिळण्यासाठी संबंधित कामाचे ४,००० तास भरावे लागतात. शुल्क डॉलरमध्ये असते. ही पात्रता समभाग संशोधन आणि निधी व्यवस्थापन यांसाठी आहे. त्या जागा मुंबईत आहेत आणि तिथे तुमची स्पर्धा बावीस वर्षांच्या मुलांशी आहे. साताऱ्यात राहायचे असेल तर ही सनद भिंतीवर शोभेल, एवढेच.

माझा स्वतःचा मार्ग शेवटी दुसरीकडूनच निघाला. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत सहा महिन्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम केला, पहिली पातळी दुसऱ्या प्रयत्नात सुटली, आणि नोकरी मिळाली ती पुण्यात संशयास्पद व्यवहार तपासणाऱ्या विभागात, जिथे सीएफएबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. तिथे विचारले ते एवढेच, की शंभर नोंदींतून एक खोटी नोंद कशी शोधाल. पुण्याची तयारी असेल तर वर आलेल्या बँकिंग अँड फायनान्सच्या इन्स्टिट्यूटचा एएमएल-केवायसीचा (काळ्या पैशाला आळा आणि ग्राहकाची ओळख तपासणे) प्रमाणपत्र अभ्यासक्रम पाहावा. तो बँकेबाहेरच्यांनाही करता येतो आणि खर्च बेताचा आहे. महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांत आम्हा अधिकाऱ्यांना ४० टक्के शुल्क स्वतः भरावे लागते, जवान आणि जेसीओंना (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) ते भरावे लागत नाही. हा हक्क सोडू नये.

कीर्द_खतावणी

मी कराडला सीए म्हणून व्यवसाय करते. हवालदार दादा, तुमच्या २७ रुपयांच्या गोष्टीवरूनच सुरुवात करते. फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यायचा, हे आम्ही आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएकडील उमेदवारीच्या, पहिल्या महिन्यात मुलांना शिकवतो. पुढच्या वेळी दीड वाजेपर्यंत जागायची गरज पडणार नाही.

आता सीएबद्दल स्पष्ट लिहिते. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुण असल्यास फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो, म्हणजे ५८ टक्क्यांवर तुम्ही कागदोपत्री पात्र आहात. पुढे इंटरमीजिएटच्या दोन गटांत मिळून सहा विषय, दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि फायनलचे आणखी सहा विषय. प्रत्येक विषयात किमान ४० आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळवावे लागतात. एकही प्रयत्न वाया गेला नाही तरी चार वर्षे सहज जातात, आणि प्रयत्न वाया न जाणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिले आहेत. चाळिशीनंतर सीए झालेले लोक आहेत, त्यांचा मला आदर वाटतो. परंतु तुम्ही विचारले आहे की उपयोग कशाचा होईल, आणि चाळिशीत वीस वर्षांच्या मुलांबरोबर आर्टिकलशिपच्या विद्यावेतनावर बसणे हा घरात मुलगी दहावीला असताना करण्याचा प्रयोग नव्हे. दूरस्थ एमबीएविषयी थोडक्यात सांगायचे तर, आमच्या कार्यालयात अर्ज येतात तेव्हा मी ती ओळ वाचतही नाही.

त्यापेक्षा टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि जीएसटी ही दोन कामे हाताखाली आणावीत, आणि ती वर्गात बसून येत नाहीत. सातारा, कराड किंवा सांगलीतील एखाद्या सीएच्या कार्यालयात सलग तीन महिने बसावे, मग ७ तारखेला टीडीएस भरणे, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे, हे महिन्याचे चक्र अंगवळणी पडते. ग्राहक १९ तारखेला संध्याकाळी पिशवीभर बिले घेऊन येतो तेव्हा खरी परीक्षा असते. बी.कॉम. असल्यामुळे तुम्ही जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीही करू शकता. 

आणखी एक सूचना. अर्जात 'रेजिमेंटल फंड क्लार्क' असे लिहू नये, बाहेर कोणाला ते कळत नाही. 'सहा वर्षे रोकड वही लिहिली, दर तिमाहीला लेखापरीक्षणाला सामोरे गेलो' असे लिहावे आणि त्यातील किती परीक्षणे आक्षेपाशिवाय पार पडली तो आकडा द्यावा.

हवालदार_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. सीए आणि एमबीए मनातून काढून टाकले. ताई, नऊचा हिशेब आज युनिटमधील दोन क्लार्कांना शिकवला. अजून एक शंका आहे. सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची परीक्षा देऊन म्युच्युअल फंडाचे काम सुरू करावे, ओळखीचे शंभर जवान आहेत, असे एक सुभेदार साहेब सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे?

माजी_सैनिक_मिरज

मी हेच काम करतो, म्हणून उत्तर देतो. परीक्षा अवघड नाही. एनआयएसएमची पाच-अ ही मालिका, १०० प्रश्न, दोन तास, उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के. प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते आणि त्यावर म्युच्युअल फंड कंपन्यांच्या ॲम्फी या संघटनेकडून एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. अवघड आहे तो पुढचा हिशेब. समजा ट्रेल, म्हणजे वितरकाचे दरवर्षीचे कमिशन, वर्षाला ०.८ टक्के धरला, तर लोकांचे एक कोटी रुपये तुमच्यामार्फत गुंतलेले असताना वर्षाला ८०,००० रुपये हाती येतात, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. जवान महिन्याला दोन-तीन हजारांची एसआयपी करतो. एक कोटी जमायला मला सहा वर्षे लागली.

शंभर जवानांची ओळख ही पुंजी खरी, पण तिच्यावर डोळा ठेवणारे बरेच असतात. मी पेन्शनवर आलो तेव्हा ज्या बँकेत ग्रॅच्युइटी जमा झाली, तिथल्या एका साहेबांनी चहा पाजून, मुदत ठेवच आहे असे सांगून मला दहा वर्षे हप्ते भरायची विमा पॉलिसी दिली. दुसरा हप्ता मागितला गेला तेव्हा मला ते कळले. मी या धंद्यात आलो तो त्या रागातून. तुम्ही जोडधंदा म्हणून जरूर करावे, मात्र सरकारी बँकेत रुजू झालात तर नोकरीच्या नियमांमुळे स्वतःच्या नावावर हे काम चालवता येणार नाही, हे लक्षात घेऊन क्रम ठरवावा.

हवालदार_सातारा

मग क्रम असा धरतो: ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज सोमवारी टंकलिखित करून हेड क्लार्क साहेबांकडे देतो, सराव आजपासून सुरू, आणि परीक्षेत यश आले नाही तर कराडच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन महिने कार्यालयात बसतो. महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमासाठी नाव दिले आणि त्याच काळात पूर्वपरीक्षेची तारीख आली, तर परीक्षेला सोडतात का?

बराकीतून_बँकेत

माझ्या वेळी एका दिवसाची सवलत मिळाली होती, पण ती लेखी मागावी लागली. प्रवेशपत्र हाती आले की त्याची प्रत जोडून त्याच दिवशी अर्ज द्यावा. तोंडी होकारावर राहू नये. आणि अर्ज भरताना महाराष्ट्र हेच राज्य निवडावे. एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो आणि स्थानिक भाषेची चाचणी असते. आपल्या एका माणसाने जागा जास्त दिसल्या म्हणून कर्नाटक भरले आणि मग तो कन्नडची बाराखडी गिरवत बसला.