मदत हवी आहे: लॅबचे रिपोर्ट जीमेलच्या स्पॅममध्ये जातायत

बाबांचे ब्लड रिपोर्ट लॅबवाले मेलवर पीडीएफ पाठवतात आणि ते स्पॅममध्ये जाऊन पडतात, तिथलं 30 दिवसांनी आपोआप डिलीट होतं म्हणून काळजी वाटते. 'नॉट स्पॅम' करून झालं, पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये टाकला, कॉम्प्युटरवरून फिल्टर बनवून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक पण केलं, पण लॅबचा पत्ता दरवेळी वेगळा, @ च्या आधीचा भाग बदलतो, पुढचा तोच राहतो. बाबा फक्त फोन वापरतात आणि अ‍ॅपमधून फिल्टर बनवता येत नाही, त्यामुळे मलाच एकदा नीट सेट करून द्यायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर लॅब पाठवत नाही, विचारून झालं. तर फिल्टरच्या 'फ्रॉम'मध्ये नुसता @ च्या पुढचा भाग टाकला तर चालतं का, आणि मग त्याच नावाने कोणी फ्रॉड मेल पाठवला तर तोही सरळ इनबॉक्समध्ये येईल का?