मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन श्पायर, शनिवार-रविवार

निशिगंध_श:
नमस्कार मंडळी, आईबाबा इथे आलेत, त्यांना जर्मनीतल्या श्पायर गावी न्यायचंय, हॉटेल बुक झालंय आणि पैसे परत मिळत नाहीत. डोम (तिथलं मोठं कॅथीड्रल) आणि ते विमानांचं म्युझियम, शनिवारी कुठलं आणि रविवारी कुठलं? ट्रेनचं पण कळत नाहीये, माझं डॉइचलँड तिकीट (महिन्याचा पास) आहे, त्यांचं नाही. लवकर सांगा प्लीज, आज रात्री तिकिटं काढायचीयत.

राइनकाठचा_भटक्या:
निघणार कुठून? आणि कुठला वीकेंड?

जुना_मुसाफिर:
श्पायर कशाला, कोलोनला जा. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर डोम, १५७ मीटर उंच, १२४८ ला सुरू केलेला आणि पुरा झाला १८८० ला. दक्षिणेच्या टॉवरवर जरूर चढा, वरून राइन बघण्यासारखी आहे.

निशिगंध_श:
काका, हॉटेल श्पायरचंच आहे हो, आता बदलणं शक्य नाही. श्टुटगार्टहून निघतोय.

मी_सुगरण:
जुना_मुसाफिर, ५३३ पायऱ्या आहेत तिथे आणि लिफ्ट नाही, आईबाबांना कुठे चढायला लावताय! ताई, बाबांचे गुडघे कसे आहेत ते आधी सांग.

निशिगंध_श:
गुडघे दुखतात बाबांचे. सपाटीवर चालतात, पायऱ्यांना त्रास होतो.

राइनकाठचा_भटक्या:
हे पहिल्या पोस्टीत हवं होतं, सगळा प्लॅन त्यावरच ठरतो. मानहाइमला गाडी बदला, पुढे एस-बान (लोकल). तुमचं तिकीट आयसीईत (वेगवान गाडीत) चालणार नाही, फक्त रिजनल गाड्यांत. आईबाबांचं आयसीईचं काढलंत तर थेट श्पायरपर्यंतचं एकच काढा, म्हणजे पहिली गाडी लेट होऊन पुढची चुकली तरी ते तिकीट नंतरच्या गाडीला चालतं. स्टेशनपासून डोम दीड-दोन किलोमीटर आहे, बस घ्या.
डोम शनिवारीच. रविवारी सकाळी मास (चर्चच्या प्रार्थना) असतात, तेव्हा आत फिरू देत नाहीत.

शिलालेख:
डोमला नुसता तासभर देऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे. सम्राट कोनराड दुसऱ्याने १०३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १३४ मीटर लांब, लाल-पिवळसर दगडाचा. खाली क्रिप्टमध्ये (तळघरातल्या दफनघरात) उतरा, थोड्याच पायऱ्या आहेत, बाबांना हात धरून न्या. आठ सम्राट आणि राजे तिथे पुरलेत. त्यातला हाइनरिश चौथा ११०६ ला वारला तेव्हा पोपने धर्मबहिष्कृत केलेला होता, म्हणून त्याचं शव पाच वर्षं बाजूच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनाघरात) तसंच ठेवलेलं, कारण त्या चॅपेलचा पवित्र विधी तेव्हा झालेला नव्हता. ज्या घराण्याने एवढा डोम उभा केला त्याच्याच राजाला त्यात जागा नाही, ११११ पर्यंत! हे बाबांना क्रिप्टमध्ये उभं राहून सांगा.

विमानवेडा:
इतिहास ठीक आहे पण बाबांना म्युझियमच आवडेल, पैज लावतो. खरं बोइंग ७४७ खांबांवर चढवून ठेवलंय, आत जाता येतं, पंखावर सुद्धा. सोव्हिएत रशियाचं बुरान अवकाशयान आहे, पाणबुडी आहे. सबंध दिवस द्या.

मी_सुगरण:
अहो, त्या विमानात चढायला केवढा जिना आहे! गुडघ्यांचं आत्ताच बोललो ना.

विमानवेडा:
बाबा खाली बुरानपाशी थांबतील, ते हॉलमध्ये आहे. ताई आणि आई वर जातील. त्यासाठी म्युझियमच रद्द का करायचं?

हेमलता_म्युनिक:
व्हिसाचा इन्शुरन्स बघितलात का? किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं.

निशिगंध_श:
ताई, ते आलेत इथे, व्हिसा झालाय. जेवणाचं कोणी सांगेल का, दोघं शाकाहारी आहेत.

मी_सुगरण:
त्या भागात झाउमागेन फार खातात, ते मांसाचं, मागवू नका. डांपनूडेल मिळालं तर घ्या, वाफवलेला गोड पाव असतो, आईंना आवडेल. फ्लामकूखन (पातळ पिझ्झासारखं) ‘ओनं श्पेक’ म्हणून सांगा, नाहीतर डुकराचे तुकडे येतात. रविवारी सुपरमार्केट बंद, तेव्हा फळं-दही शनिवारीच घ्या आणि घरून तिखटमिठाच्या पुऱ्या न्या.

राइनकाठचा_भटक्या:
वीकेंड कुठला ते अजून नाही सांगितलंत. जुलैचा दुसरा असेल तर ब्रेत्सेलफेस्ट (गावची मोठी जत्रा) असतं, गाव तुडुंब भरतं.

निशिगंध_श:
अय्या, तोच आहे! म्हणूनच हॉटेल एवढं महाग पडलं का?

राइनकाठचा_भटक्या:
हो. मग शनिवारी सकाळची पहिली गाडी पकडा, डोम गर्दीच्या आधी उरकेल. म्युझियम रविवारी.